संतामागचा निळा

चिलोएच्या धुक्यातून होडी निघाली आठला.
तिसऱ्या बेटाशी पोचेतो ओहोटी लागली,
मग उरलेली वाट चिखलातून,
ट्रायपॉड खांद्यावर, बूट हातात.

खिशात एक धुरकट फोटो होता, कुणीतरी गेल्या हिवाळ्यात पाठवलेला:
लाकडी छत, पालथ्या घातलेल्या नावेसारखं,
आणि त्यावरून वेदीमागच्या भिंतीवर उतरलेला निळा.
पोपडे धरलेला, जागोजागी खालचं सायप्रस दाखवणारा,
त्यात हातानं काढलेले तारे,
एकही दुसऱ्यासारखा नाही.
त्या निळ्यासाठी मी आले होते.

दाराशी एलेउतेरियो चिग्वाय, किल्ल्या सांभाळणारा,
वय एक्याऐंशी, अंगात लग्नातला कोट,
केस पाण्यानं चापून बसवलेले.
"उशीर झाला तुम्हाला," म्हणाला, "पण बरंच झालं.
काल संध्याकाळपर्यंत ओलं होतं."

ओलं?

आत पाऊल टाकलं तर टर्पेंटाइनचा वास.
छत पांढरं.
या कडेपासून त्या कडेपर्यंत
दवाखान्यासारखं पांढरं.
सुनिल्दा, उबेर्लिंदा, तिच्या दोन्ही जावा, शाळेतली पोरं
अकरा दिवस शिडीवर होती.
नावांना लावायचा रंग, तीन हात.
कुणी शिंपले वेचायचे सोडले, कुणाचे बटाटे जमिनीतच राहिले.
"फोटो निघणार म्हटल्यावर
मळक्या तोंडानं कशी बसवायची तिला?"

मी काय बोलणार.
वीस वर्षं कास्त्रोच्या बाजारात ओळखपत्रांचे फोटो काढले मी.
कंगवा मीच पुढे करायची,
कॉलर नीट करा, मीच म्हणायची.

नोंदीच्या कागदावर रकाने होते.
खांब किती. खुंट्या कशाच्या. कुजलं कुठे.
मी मोजत गेले,
तो मागून कंदील धरत आला,
खिडकीपाशी भरपूर उजेड होता तिथेही.

वेदीशी थांबले.
"रंगवताना संताला हलवलं होतं?"
त्यानं असं पाहिलं,
जणू झोपलेल्या बापाला खाटेवरून ओढलं का
असं विचारलं मी.
"मिरवणुकीला धाकटा सान आंद्रेस जातो.
हा हलत नाही. ह्याच्या भोवतीनं रंगवलं."

मग बऱ्याच वेळानं, मी काहीच न म्हणता,
तो संतापुढे जाऊन पुटपुटू लागला.
हवेचं काही, गुडघ्याचं काही,
माझं नाव सांगितलं तेही चुकीचं.
आणि वळून म्हणाला, "तुम्ही पायाकडून धरा."

संत जड नव्हता.
आतून पोकळ, किड्यांनी पोखरलेला,
माझ्या बाहीवर भुगा सांडला.
आणि मागे
खांद्यांसकट माणसाएवढी जागा
निळी.
उजेडच न लागलेली, फोटोतल्याहून कितीतरी गडद,
साडेतीन तारे.

"इतका होता?"
एलेउतेरियो एवढंच म्हणाला.
हात लावायला गेला आणि मागे घेतला.
नखांत अजून पांढरा होता.

मी फोटो काढले. चौदा.
बाहेर बायका ओळीनं उभ्या, इस्त्रीचे झगे, ओठांना रंग,
ब्रश मात्र कुणी सोडला नव्हता.
त्यांचाही काढला. त्याला कागदावर रकाना नव्हता.
सुनिल्दानं विचारलं, छत चांगलं येईल ना?
येईल म्हटलं. खोटं नव्हतं ते.

भरती यायच्या आत संताला परत ठेवलं,
पण जिथल्या तिथे नाही.
एलेउतेरियोनंच सांगितलं, एक वीत पुढे.
एखादं लहान पोर
बाजूनं डोकं घालू शकेल एवढं.

होडीत बसून उरलेला रकाना भरला.
रंग: पांढरा.
आणि खाली, बारीक अक्षरांत,
लाटांनी हात हलत होता तरी:
मागे निळा आहे. संताला विचारून बघावा.